मारियसची फौज : रोमन यादवीची पार्श्वभूमी

इ.स.पू. 88 मध्ये सुल्ला हा रोमन सेनापती फौज घेऊन खुद्द रोमवर चालून आला. असं आधी कधी घडलं नव्हतं. त्याची मुळं शोधायची तर 19 वर्षं मागे, सेनापती गायस मारियसच्या पहिल्या कॉन्सलपदापर्यंत जावं लागतं. कॉन्सल म्हणजे दरवर्षी निवडले जाणारे रोमचे दोन सर्वोच्च अधिकारी.

मारियस रोमबाहेरच्या आर्पिनम या गावाकडचा. घराण्यात आधी कुणी कॉन्सल झालेला नाही. रोममधले जुने सरदार अशाला 'नवा माणूस' म्हणत. आफ्रिकेत नुमिडियाचा राजा जुगुर्था याच्याविरुद्धच्या युद्धात तो मेटेलस या रोमन सेनापतीच्या हाताखाली होता. निवडणुकीसाठी रजा मागितली, तर मेटेलसने सुनावलं, माझ्या मुलाबरोबर उभा राहा की! मुलगा तेव्हा विशीतला, म्हणजे अजून कित्येक वर्षं थांब असा टोमणा. तरीही मारियस इ.स.पू. 107 चा कॉन्सल झाला आणि मेटेलसचीच मोहीम त्याने आपल्याकडे घेतली.

खरी गोष्ट इथे सुरू होते. रोमन सैनिक म्हणजे मुळात थोडीफार मालमत्ता असलेला शेतकरी. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं, त्यांची जनगणनेत फक्त डोकी मोजली जात. मालमत्तेची अट आधीपासूनच सैल होत आली होती. मारियसने ती बाजूलाच ठेवली आणि या डोक्यांना स्वयंसेवक म्हणून भरती केलं. आपलं सगळं ओझं पाठीवर वाहणाऱ्या त्याच्या शिपायांना लोक 'मारियसची खेचरं' म्हणू लागले. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो, की भाल्याच्या दोन लोखंडी खिळ्यांपैकी एक काढून त्याने लाकडी खुंटी बसवली. भाला ढालीत रुतला की खुंटी मोडे, दांडा लोंबकळे आणि शत्रूला ढाल पेलणं अवघड होई.

इ.स.पू. 105 मध्ये अराउसिओला (आजच्या दक्षिण फ्रान्समध्ये) उत्तरेकडून आलेल्या किंब्री आणि ट्यूटन टोळ्यांनी रोमन सैन्याची धूळधाण केली. घाबरलेल्या रोमने पाठोपाठ कॉन्सल होण्याला मनाई करणारा कायदा गुंडाळून मारियसला इ.स.पू. 104 ते 100 सलग पाच वेळा कॉन्सल केलं. त्याने दोन्ही टोळ्यांना धुळीला मिळवलं, यात शंका नाही. पण युद्ध संपल्यावर या भूमिहीनांनी जायचं कुठे? जमीन द्यायला सिनेट, म्हणजे सरदारांची राज्यसभा, राजी नसे, म्हणून त्यांची आशा सेनापतीवर. माझ्या मते प्रजासत्ताकाला पहिला तडा इथेच गेला.

इ.स.पू. 88 मध्ये पूर्वेची मोहीम सुल्लाकडून काढून सत्तरीकडे झुकलेल्या मारियसला दिली गेली. मारियस दुसरीच फौज नेईल, आपली लूट हुकेल, ही धास्ती सुल्लाच्या शिपायांना होती. रोमवर चालून जायचं ठरताच एक वगळता सगळे वरिष्ठ अधिकारी सुल्लाला सोडून गेले. शिपाई मात्र त्याच्यासोबत निघाले.