फोर्ब्स-रॉबर्टसन, सर जॉन्स्टन

(१६ जानेवारी १८५३ – ६ नोव्हेंबर १९३७). इंग्लंडमधील नट, नाटक मंडळीचा चालक आणि चित्रकार. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकाचा आपल्या पिढीतला सर्वश्रेष्ठ नायक अशी त्याची ख्याती होती. ती मुख्यतः आवाजावर आणि शब्दोच्चारावर उभी होती. पण त्याची ही भूमिका आज पाहायला मिळते ती १९१३ सालच्या एका मूकपटात. ओठ हलताना दिसतात, स्वगत मात्र ऐकू येत नाही.

जन्म लंडनचा. वडील जॉन फोर्ब्स-रॉबर्टसन मूळचे स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचे. कलासमीक्षक आणि पत्रकार. अकरा भावंडांत हा थोरला. चार्टरहाउस शाळेतले शिक्षण आटोपल्यावर १८७० मध्ये तो रॉयल अकॅडमीच्या चित्रशाळेत दाखल झाला. वडिलांच्या घरी चित्रकार-लेखकांचा राबता असे, त्यातून रोझेटीसारख्या चित्रकाराच्या चित्रासाठी त्याने बैठकही दिली. व्हायचे होते चित्रकारच. पण त्या काळच्या थोरल्या मुलांपुढे असायचा तोच प्रश्न त्याच्यापुढेही होता. मिळकत हवी होती आणि ती नाटकात लवकर मिळत होती. १८७४ मध्ये प्रिन्सेस थिएटरमध्ये तो प्रथम रंगमंचावर आला. त्याच वर्षी प्रसिद्ध अभिनेत्री एलन टेरीबरोबर दौऱ्यावर जाण्याची संधीही मिळाली. एलन टेरीशी जुळलेला स्नेह पुढे कायम राहिला.

त्याला खरा गुरू लाभला तो जुना शेक्सपिअर-नट सॅम्युएल फेल्प्स. फेल्प्सने आधीच्या पिढीतला मोठा नट मॅक्रेडी याच्याबरोबर काम केलेले. मॅक्रेडी तरुणपणी अभिनेत्री सारा सिडन्सबरोबर उभा राहिलेला. आणि सिडन्सबाई अठराव्या शतकातला श्रेष्ठ नट गॅरिक याच्या अखेरच्या हंगामात त्याच्यासमोर वावरलेल्या. शेक्सपिअरच्या ओळी कशा म्हणाव्यात याची ही तोंडी चालत आलेली परंपरा. आपल्याकडे गाण्याच्या घराण्यात गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात बंदिश उतरते, तसाच काहीसा हा प्रकार. फोर्ब्स-रॉबर्टसनला या वारशाचा अभिमान होता. फेल्प्सला ‘आठवा हेन्री’ नाटकातल्या कार्डिनल वुल्झीच्या वेशात बसवून त्याने काढलेले चित्र लंडनच्या गॅरिक क्लबात आहे.

यानंतरची वीस वर्षे दुसऱ्यांच्या मंडळ्यांत गेली. १८८२ मध्ये त्या काळचा अग्रगण्य नट हेन्री अर्व्हिंग याच्या लायसिअम थिएटरमध्ये ‘मच अडू अबाउट नथिंग’ या नाटकात त्याने क्लॉडिओ केला. त्यातल्या चर्चमधील प्रवेशाचे चित्रही त्यानेच रंगवले. ते न्यूयॉर्कच्या ‘द प्लेअर्स’ या क्लबात आहे. पोलिश अभिनेत्री मोद्जेस्काबरोबर रोमिओ, मेरी अँडरसनबरोबर अमेरिकेचा दौरा, १८८७ मध्ये लायसिअममध्येच ‘द विंटर्स टेल’मधला लिऑन्टीझ, १८९२ मध्ये अर्व्हिंगच्या ‘आठवा हेन्री’मध्ये बकिंगहॅम अशा भूमिका होत गेल्या. नाटककार पिनेरोच्या सामाजिक नाटकांतही तो दिसला. नायकाच्या शेजारी उभा राहणारा देखणा, कृश, उत्तम बोलणारा नट एवढी ओळख झाली होती. चाळिशी उलटली तरी हॅम्लेट वाट्याला आला नव्हता.

इंग्रजी रंगभूमी तेव्हा मालक-नटांच्या हातात होती. थिएटर भाड्याने घ्यायचे, नाटके निवडायची, प्रमुख भूमिका स्वतः करायच्या आणि तोटा झाला तर तोही स्वतःच सोसायचा. अर्व्हिंग अमेरिकेला गेलेला असताना १८९५ मध्ये फोर्ब्स-रॉबर्टसनने लायसिअम घेतले आणि अभिनेत्री मिसेस पॅट्रिक कॅम्बेलला घेऊन ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ केले. ११ सप्टेंबर १८९७ रोजी त्याच रंगमंचावर तो हॅम्लेट म्हणून आला. वय ४४.

या हॅम्लेटने लंडनला चकित केले ते साधेपणाने. अर्व्हिंगचा हॅम्लेट गूढ, तुटक, झपाटलेला. फोर्ब्स-रॉबर्टसनचा हॅम्लेट सुसंस्कृत, विनोद जाणणारा, विचार करता करता बोलणारा राजपुत्र होता. ओळी तो भराभर आणि स्पष्ट म्हणे. अर्थ उलगडण्यासाठी मध्ये लांबलचक विराम घेत नसे. बर्नार्ड शॉ त्या वेळी नाट्यसमीक्षा लिहीत असे आणि अर्व्हिंगने शेक्सपिअरची केलेली कापाकापी त्याला मुळीच सहन होत नसे. या प्रयोगाचे त्याने मनापासून कौतुक केले. एरवी गाळला जाणारा नॉर्वेचा राजपुत्र फोर्टिनब्रास या प्रयोगात शेवटी परत आला, त्यामागेही शॉचाच आग्रह होता. शॉने पुढे ‘सीझर अँड क्लिओपात्रा’ लिहिले ते याच नटाला डोळ्यांसमोर ठेवून. मात्र ते त्याच्या हातून प्रत्यक्ष रंगमंचावर आले १९०६ मध्ये, न्यूयॉर्कला. क्लिओपात्रा झाली होती त्याची पत्नी गर्ट्रूड एलियट. ही अमेरिकन अभिनेत्री. दोघांचे लग्न १९०० साली झाले. स्त्रियांच्या मताधिकारासाठी १९०८ मध्ये स्थापन झालेल्या अभिनेत्रींच्या संघटनेत ती अग्रभागी होती आणि फोर्ब्स-रॉबर्टसन स्वतःही त्या बाजूने व्यासपीठावर बोलत असे.

पैसा मिळवून दिला तो मात्र शेक्सपिअरने नव्हे, शॉनेही नव्हे. जेरोम के. जेरोमचे ‘द पासिंग ऑफ द थर्ड फ्लोअर बॅक’ हे नाटक १९०८ मध्ये सेंट जेम्स थिएटरमध्ये आले. लंडनमधल्या एका कळकट खाणावळवजा घरात एक अनोळखी गृहस्थ भाडेकरू म्हणून येतो आणि त्याच्या नुसत्या चांगुलपणाने तिथल्या कुचकट, लबाड रहिवाशांचे स्वभाव पालटतात. हा पाहुणा ख्रिस्ताची आठवण करून देणारा आहे हे प्रेक्षक न सांगता ओळखत. आज हे नाटक गोडमिट्ट वाटते. पण लोकांनी ते डोक्यावर घेतले आणि इंग्लंड-अमेरिकेत पुढची काही वर्षे याच भूमिकेने त्याला सोडले नाही.

१९१३ च्या वसंतात ड्रुरी लेनमध्ये त्याचा निरोपाचा हंगाम झाला. याच हंगामात त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली. ६ जून रोजी हॅम्लेटच करून त्याने लंडनच्या रंगभूमीची रजा घेतली. आदल्या वर्षी फ्रेंच अभिनेत्री सारा बर्नहार्टचा मूकपट गाजल्यामुळे नामांकित नटांची गाजलेली नाटके पडद्यावर आणण्याची निर्मात्यांत चढाओढ लागली होती. गोमाँ या चित्रपट कंपनीसाठी निर्माता सेसिल हेपवर्थने वॉल्टन-ऑन-टेम्स येथील आपल्या स्टुडिओत ‘हॅम्लेट’ चित्रित केला. दिग्दर्शकाचे नाव ‘हे प्लम’. हॅम्लेटची प्रेयसी ऑफेलिया झाली गर्ट्रूड एलियट. बाकीचे बहुतेक नट फोर्ब्स-रॉबर्टसनच्याच मंडळीतले. समुद्राकाठच्या प्रवेशांसाठी डॉर्सेटमधील लुलवर्थ कोव्ह येथे नाटकातल्या एल्सिनोर किल्ल्याचे नेपथ्य उभारले गेले.

मराठी वाचकाला हा स्टुडिओ अगदीच परका नाही. १९१२ च्या आरंभी दादासाहेब फाळके लंडनला गेले, तेव्हा ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांच्या ओळखीने त्यांना हेपवर्थच्या याच स्टुडिओतले काम जवळून पाहता आले होते. ‘हॅम्लेट’चे चित्रण झाले त्याच वर्षी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

हा सुमारे तासाभराचा चित्रपट आजही पाहता येतो. कॅमेरा फारसा हलत नाही, पात्रे पायापासून डोक्यापर्यंत दिसतात, मधूनमधून पाट्या येतात. हॅम्लेटच्या बापाचे भूत पारदर्शक आहे. दुहेरी चित्रणाची ती युक्ती तेव्हा नवलाची नव्हती, पण इथे शोभते. साठीचा नट विद्यार्थी-राजपुत्र साकारतो आहे हे पहिल्या काही मिनिटांत खटकते, मग विसरायला होते. कारण त्या काळच्या पडद्यावरचे हातवारे आणि डोळे फिरवणे इथे जवळपास नाही. मूकपटासाठी त्याने अभिनय वेगळा केला नाही. तो ओळी पूर्ण म्हणतो आणि शरीर त्या ओळींच्या मागून सहज चालते. नाटक पाठ असलेल्या प्रेक्षकाला ओठांवरून शब्द कळतात. नसलेल्याला पाट्यांवर समाधान मानावे लागते. चित्रपट म्हणून यात कल्पकता थोडी आहे. नटाच्या कामाची नोंद म्हणून मात्र त्याला तोड सापडणे कठीण, कारण एकोणिसाव्या शतकात घडलेली भूमिका मूळ नटाच्या अंगावर अशी सलग क्वचितच टिकली आहे.

लंडनचा निरोप घेतला तरी अमेरिकेचे दौरे बाकी होते. ऑक्टोबर १९१३ मध्ये न्यूयॉर्कचे नवे शुबर्ट थिएटर त्याच्याच हॅम्लेटने उघडले. १९१६ मध्ये तो रंगभूमीवरून कायमचा निवृत्त झाला. त्याच सुमारास हर्बर्ट ब्रेननच्या दिग्दर्शनाखाली जेरोमच्या नाटकाचा मूकपट झाला. तो १९१८ मध्ये प्रदर्शित झाला. १९१७ च्या ‘मास्क्स अँड फेसेस’ या मूकपटातही तो आहे. चित्रपटात त्याने फारसा जीव गुंतवला नाही.

१९२५ मध्ये त्याचे आत्मचरित्र आले. नट होण्याची आपल्याला कधीच हौस नव्हती आणि शेवटचा पडदा कधी पडतो याची आपण प्रत्येक प्रयोगात वाट पाहत असू, असे त्यात तो मोकळेपणाने सांगतो. चाळीस वर्षे पोटासाठी केलेल्या कामाबद्दल इतके स्वच्छ बोलणारा मोठा नट विरळाच. सत्तरी ओलांडल्यावर त्याने शेक्सपिअरमधले काही उतारे ध्वनिमुद्रिकांसाठी म्हटले, त्यामुळे तो गाजलेला आवाज थकलेल्या रूपात का होईना उरला आहे. केंटमधील सेंट मार्गरेट्स बे येथे त्याचे निधन झाले. चार मुलींपैकी जीन अभिनेत्री झाली आणि तिची पीटर पॅनची भूमिका लंडनमध्ये गाजली. ‘ब्लॉसम’ या नावाने ओळखली जाणारी थोरली मुलगी विमानांचे आराखडे करू लागली.