लेक्चर की पीबीएल: हा पर्याय आला कुठून?

अमेरिकेतल्या काही मेडिकल कॉलेजांमध्ये प्रवेश नक्की झाल्यावर, वर्ग सुरू होण्याआधीच विद्यार्थ्याला ठरवावं लागतं की पहिली दोन वर्षं कोणत्या पद्धतीने शिकायची. पेनसिल्व्हेनियातल्या ईरी शहरातलं लेक ईरी कॉलेज ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन हे याचं ठळक उदाहरण. तिथे अनेक वर्षं लेक्चरचा मार्ग वेगळा, लहान गटात केसवरून शिकण्याचा (पीबीएलचा, म्हणजे प्रॉब्लेम-बेस्ड लर्निंगचा) मार्ग वेगळा आणि बराचसा अभ्यास आपला आपण करण्याचा मार्ग वेगळा होता. याच कॉलेजने 2004 मध्ये फ्लोरिडातल्या ब्रेडेंटनला शाखा काढली ती मात्र निव्वळ पीबीएलची. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातही 2017 पर्यंत दोन अभ्यासक्रम शेजारी शेजारी चालले. पदवी तीच, परवाना परीक्षा तीच, फक्त वाट निराळी.

ज्याने मेडिकलचा एकही तास पाहिलेला नाही त्याच्या गळ्यात हा निर्णय टाकणं मला फार बरं वाटत नाही. मुलं एकमेकांना विचारतात, "तुझा पिंड लेक्चरचा की पीबीएलचा?" प्रश्न स्वभावाचा असल्यासारखा विचारला जातो. पण इतिहास पाहिला तर हा पर्याय मुलांच्या स्वभावाचा विचार करून निर्माण झालेला दिसत नाही. प्राध्यापकांचं एकमत होईना, म्हणून तो जन्माला आला.

एकोणिसाव्या शतकात निवडण्यासारखं काही नव्हतंच. अमेरिकेतली बहुतेक मेडिकल कॉलेजं डॉक्टरांनी फीसाठी चालवलेली खासगी दुकानं होती. विद्यार्थी प्रत्येक प्राध्यापकाच्या लेक्चरचं तिकीट काढायचा. चार-पाच महिन्यांचं एक सत्र, आणि दुसऱ्या वर्षी तीच लेक्चरं पुन्हा. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी लेखी परीक्षेचा आग्रह धरला, तेव्हा शल्यचिकित्सेचे प्राध्यापक हेन्री बिगेलो यांची हरकत होती की निम्म्याहून अधिक मुलांना नीट लिहिताच येत नाही. 1871 मध्ये एलियट यांनी तीन वर्षांचा, पायरीपायरीने चढत जाणारा अभ्यासक्रम लागू केलाच. 1893 मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सचं मेडिकल स्कूल उघडलं आणि आज ओळखीचा वाटणारा साचा तयार झाला: आधी प्रयोगशाळेतलं विज्ञान, मग वॉर्ड.

कार्नेगी फाउंडेशनसाठी शिक्षणतज्ज्ञ अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातली 155 कॉलेजं पाहिली आणि 1910 मध्ये अहवाल दिला. हॉपकिन्सचा नमुना त्यामुळे सर्वमान्य झाला आणि सुमार कॉलेजं पटापट बंद पडली. याची किंमतही मोठी होती. कृष्णवर्णीय डॉक्टर घडवणाऱ्या सात कॉलेजांपैकी हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोनच शेवटी टिकली. आज 'फ्लेक्सनरी' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दोन वर्षं बाकावर बसून ऐकलेली लेक्चरं येतात. हा फ्लेक्सनर यांच्यावर अन्याय आहे. नुसतं ऐकून पाठ करण्यावर त्यांचाच राग होता. विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत आणि रुग्णाजवळ स्वतः हात चालवावा, असं त्यांचं म्हणणं होतं. साचा टिकला, त्यातला आत्मा मागे पडला.

पुढच्या चाळीस वर्षांत विज्ञान वाढत गेलं आणि शरीररचना, जीवरसायन, औषधशास्त्र असा प्रत्येक विभाग आपले तास राखून बसला. तासांची ही वाटणी 1952 मध्ये क्लीव्हलँडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने मोडली. विभागवार विषयांऐवजी हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड अशा शरीरातल्या संस्थांनुसार शिकवायला सुरुवात झाली. पहिल्याच वर्षी विद्यार्थ्याकडे एक गरोदर स्त्री आणि तिचं कुटुंब सोपवलं जाई. तिच्या तपासण्यांना तो बरोबर असे, बाळंतपणानंतरही त्या घराशी संबंध ठेवी. आज अनेक कॉलेजं संस्थांनुसार शिकवतात, त्याचं मूळ इथे आहे.

खरी उलथापालथ कॅनडात झाली. ओंटारिओतल्या हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात जॉन इव्हान्स या तरुण डीनला मेडिकल स्कूल कोऱ्या पाटीवर उभारायला मिळालं. सांभाळायला जुने विभाग नव्हते, हीच मोठी सोय. 1969 मध्ये वीस विद्यार्थ्यांची पहिली तुकडी आली. अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता आणि विज्ञान न शिकलेल्यांनाही दार उघडं होतं. नंतर तिथे आलेले मेंदूविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी या पद्धतीला शिस्त दिली. 1960 च्या दशकात कॅलिफोर्नियात असताना त्यांनी निरोगी माणसाला रुग्णाची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांसमोर बसवण्याचा प्रयोग केला होता.

पीबीएलचा तास असा चालतो. सहा-आठ विद्यार्थी आणि एक ट्यूटर. हातात एकच पान: मध्यम वयाची स्त्री, दोन दिवस धाप लागतेय, उजवी पोटरी सुजली आहे. एक जण फळ्यावर माहिती लिहितो, बाकीचे शक्यता मांडतात. कुणीतरी विचारतं, रक्ताची गुठळी पायात झाली तर श्वासाचा त्रास का व्हावा? उत्तर कुणालाच नीट येत नाही. ट्यूटरला येतं, पण तो गप्प राहतो. प्रश्न फळ्याच्या कडेला जातो आणि दोन-तीन दिवसांनी सगळे वाचून परत येतात, तेव्हा पुढचं पान मिळतं. ट्यूटरचं हे गप्प राहणं सगळ्यांत अवघड. ज्याला ते जमत नाही त्याच्या गटात पीबीएलचं छोटं लेक्चर होऊन बसतं.

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टने 1974 मध्ये आणि ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलने 1978 मध्ये हीच वाट धरली. ही दोन्हीही नवीच कॉलेजं. जुन्या कॉलेजांत मात्र गाडी अडली. लेक्चर बंद करायचं तर प्रत्येक विभागाने तास सोडायचे आणि त्यासाठी प्राध्यापकांचं बहुमत हवं. ते मिळत नव्हतं. मग तोड निघाली: जुनं तसंच चालू द्या, हौशी विद्यार्थ्यांची एक छोटी तुकडी नव्या पद्धतीने शिकू द्या. न्यू मेक्सिको विद्यापीठाने 1979 मध्ये असा समांतर मार्ग काढला, इतरही काहींनी पुढे काढले. 'तुम्ही कोणता मार्ग घेणार?' हा प्रश्न नव्या विद्यार्थ्यापुढे आला तो इथून.

हार्वर्डमध्ये डीन डॅनियल टोस्टेसन यांनी 1985 मध्ये 24 विद्यार्थ्यांवर 'न्यू पाथवे' सुरू केला. या साऱ्या इतिहासातला सर्वांत प्रामाणिक भाग मला इथे दिसतो. ज्यांनी हात वर केला त्या सगळ्यांना नव्या मार्गात घेतलं नाही. इच्छुकांतूनच चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड केली आणि ज्यांचा नंबर लागला नाही ते तुलनेसाठी जुन्या मार्गात राहिले. असं का, तर पीबीएल स्वतःहून निवडणारा विद्यार्थी मुळातच वेगळा असू शकतो. तो पुढे चांगला डॉक्टर झाला, तर श्रेय पद्धतीचं की त्याचं, हे कसं सांगणार? 1994 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वैद्यकीय ज्ञानात दोन्ही गटांत फरक पडला नव्हता. नव्या गटातल्यांना मात्र ती वर्षं अधिक जिवंत वाटली होती आणि रुग्णाशी नातं जोडण्याकडे त्यांचा कल अधिक दिसला. निकालाची वाट न पाहता 1987 मध्येच हार्वर्डने सगळ्या वर्गाला नव्या पद्धतीवर आणलं होतं.

1993 मध्ये पीबीएलवरच्या संशोधनाचे दोन मोठे आढावे आले, एक अल्बानीज आणि मिचेल यांचा, दुसरा व्हर्नन आणि ब्लेक यांचा. चित्र साधारण सारखं होतं: पीबीएलचे विद्यार्थी अधिक समाधानी, रुग्ण तपासण्यात थोडे पुढे किंवा बरोबरीचे, मूलभूत विज्ञानाच्या परीक्षेत कधीकधी थोडे मागे. खुद्द मॅकमास्टरलाही हा चटका बसला. 1980 च्या दशकाच्या अखेरीस परवाना परीक्षेत नापास होणारे वाढले, तेव्हा विद्यार्थ्याला आपण कुठे आहोत ते वेळोवेळी कळावं म्हणून तिथे नियमित प्रगती चाचणी सुरू झाली. पद्धत सोडली नाही, त्यातली फट बुजवली. मला हे आवडतं.

'लेक्चरवाल्यांचे मार्क चांगले येतात' किंवा 'पीबीएलवाले वॉर्डात चमकतात' अशी ठाम विधानं ऐकताना म्हणूनच एक गोष्ट ध्यानात ठेवावी. यातली बहुतेक तुलना स्वतःहून मार्ग निवडलेल्यांची आहे. चिठ्ठ्या टाकून केलेली फार थोडी.

दरम्यान दोन्ही टोकं एकमेकांकडे सरकत गेली. ओक्लाहोमा विद्यापीठात व्यवस्थापन शिकवणाऱ्या लॅरी मायकेलसन यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या वर्गातच गट पाडून शिकवण्याची रीत बसवली. 2000 नंतर ती मेडिकलमध्ये आली, कारण दर आठ मुलांमागे एक ट्यूटर देणं कॉलेजांना परवडत नव्हतं. लेक्चरं रेकॉर्ड होऊ लागली आणि सभागृहं ओस पडली. मुलं घरी दीडपट वेगाने व्हिडिओ पाहू लागली, आणि तेही बरेचदा बाहेरचे, कारण डोळ्यांसमोर होती स्टेप 1, म्हणजे परवाना परीक्षेचा पहिला टप्पा. तिच्या गुणांवर रेसिडेन्सी (पदवीनंतरचं रुग्णालयातलं प्रशिक्षण) ठरत असल्याने कोणत्याही मार्गातला विद्यार्थी शेवटी त्याच प्रश्नसंचांकडे वळायचा. जानेवारी 2022 मध्ये स्टेप 1 चा निकाल फक्त पास-नापास झाला. आकड्यातले गुण राहिले ते स्टेप 2 ला, म्हणजे रुग्णोपचाराच्या परीक्षेला.

न्यू मेक्सिकोतला समांतर मार्ग 1990 च्या दशकातच मुख्य अभ्यासक्रमात विरला, ड्रेक्सेलचे दोन मार्ग 2017 मध्ये एक झाले. हार्वर्डमध्ये मात्र अर्ज करतानाच मार्ग ठरवण्याची सोय आजही आहे. 2015 मध्ये आलेला 'पाथवेज' हा एक, आणि एमआयटीच्या जोडीने 1970 पासून चालत आलेला एचएसटी (हेल्थ सायन्सेस अँड टेक्नॉलॉजी) हा दुसरा. एचएसटीत दरवर्षी तीसेक विद्यार्थी असतात. गणित, भौतिकशास्त्र आणि संशोधन यांच्या अंगाने वैद्यक शिकू इच्छिणाऱ्यांसाठी तो आहे, आणि तिथे निवड करायची असते ती काय शिकायचं याची.