'हँड्स ऑफ रशिया' चळवळ

रशियातील यादवी युद्धात ब्रिटनने लष्करी हस्तक्षेप करू नये, या मागणीसाठी १९१९–२० मध्ये ब्रिटिश कामगारवर्गात उभी राहिलेली चळवळ. १९१८ मध्ये मुर्मान्स्क व अर्खांगेल्स्क येथे ब्रिटिश फौजा उतरल्या, तेव्हा जर्मनीविरुद्धची पूर्व आघाडी आणि बंदरांतील युद्धसाहित्याचे रक्षण अशी कारणे देण्यात आली होती. नोव्हेंबरमध्ये पहिल्या महायुद्धाचा युद्धविराम झाल्यानंतर ही कारणे उरली नाहीत, तरीही फौजा तेथेच राहिल्या आणि बोल्शेविकांविरुद्ध (रशियात सत्तेवर आलेल्या साम्यवाद्यांविरुद्ध) लढणाऱ्या कोल्चाक व डेनिकिन या सेनानींना शस्त्रे पुरवली जाऊ लागली. सात लाखांहून अधिक सैनिक गमावलेल्या देशाला नवे युद्ध नको होते. त्यामुळे समाजवादी कार्यकर्त्यांनी सुरू केलेल्या या चळवळीला बोल्शेविकांविषयी फारसे प्रेम नसलेल्यांचाही पाठिंबा मिळाला, आणि तिचे खरे बळ यातच होते. शिवाय सरकारातही एकमत नव्हते : युद्धमंत्री चर्चिल हस्तक्षेपासाठी आग्रही, तर पंतप्रधान लॉइड जॉर्ज साशंक होते.

१९१९ च्या शरद ऋतूत उत्तर रशियातून फौजा माघारी आल्या, मात्र याचे सारे श्रेय चळवळीला देता येत नाही. खर्चाचा बोजा आणि बोल्शेविकविरोधकांची दुर्बलता हीही कारणे होती. चळवळीचा सर्वांत गाजलेला प्रसंग त्यानंतरचा, आणि तोही पोलंड व बोल्शेविक रशिया यांच्यातील युद्धाशी निगडित आहे. १० मे १९२० रोजी लंडनच्या ईस्ट इंडिया गोदीतील कामगारांनी पोलंडकडे निघालेल्या 'जॉली जॉर्ज' जहाजावर युद्धसाहित्य चढवण्यास नकार दिला. या गोदीपरिसरात हॅरी पॉलिट प्रभृती कार्यकर्ते पूर्वीपासून प्रचार करीत होते. सभांमधील ठरावांनी जे साधले नव्हते, ते येथे साधले : अखेर आधी चढवलेल्या शस्त्रांच्या पेट्या उतरवूनच जहाज हाकारावे लागले.

ऑगस्टमध्ये लाल सेना (बोल्शेविकांचे सैन्य) पोलंडची राजधानी वॉर्सॉजवळ पोहोचली आणि ब्रिटन युद्धात उतरण्याची शक्यता दिसू लागताच मजूर पक्ष व कामगार संघटनांनी संयुक्त कृती समिती नेमून सार्वत्रिक संपाचा इशारा दिला. गावोगावी स्थानिक समित्याही निघाल्या. गोदी कामगारांचे नेते अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळ पंतप्रधानांना भेटले. प्रत्यक्षात संपाची वेळ आलीच नाही, कारण काही दिवसांतच पोलिश सैन्याने लाल सेनेला मागे रेटले. मार्च १९२१ मध्ये लॉइड जॉर्ज यांच्याच सरकारने सोव्हिएट सरकारशी व्यापारी करार केला.