पूरतयारी (कृष्णा-पंचगंगा काठ)

पूर यायच्या आधी गल्लीनं, वस्तीनं किंवा गावानं मिळून करायची आवराआवर, म्हणजे पातळीवर लक्ष ठेवणं, एकमेकांना कळवणं, म्हातारी माणसं आणि जनावरं आधी हलवणं, सामान माळ्यावर चढवणं, आणि पाणी उतरलं की गाळ काढायला परत एकत्र जमणं. सरकारी कागदात याला 'समुदाय आधारित आपत्ती व्यवस्थापन' म्हणतात. काठावर असं कुणी बोलत नाही, तिथं 'पाणी चढतंय, आवरायला घ्या' एवढंच असतं. ही नोंद कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांपुरती आहे.

पातळी आणि फूट : इथली सगळी तयारी फुटांवर चालते. कोल्हापुरात पंचगंगेची पातळी कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, इशारा 39 फूट आणि धोका 43 फूट. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ मोजतात (पूल 1929 चा, नाव त्या वेळच्या व्हाइसरॉयचं), तिथं इशारा 40 आणि धोका 45. हे फूट म्हणजे नदीची खोली नव्हे, त्या त्या ठिकाणच्या मोजपट्टीवरचा आकडा आहे, त्यामुळं कोल्हापूरचे 43 आणि सांगलीचे 45 शेजारी ठेवून कुठं जास्त पाणी असं ठरवता येत नाही. पेपरवालेसुद्धा ही गल्लत करतात. दुसरी गोष्ट, इशारा पातळी ही अख्ख्या शहरासाठी असते आणि गल्लीची पातळी वेगळीच असते. सांगलीत सूर्यवंशी प्लॉट, काकानगर, दत्तनगर या भागांत 40 व्हायच्या आधीच पाणी दारात आलेलं असतं, आणि कोल्हापुरात नदीजवळच्या सखल सुतारवाड्यातली कुटुंबं आसऱ्याला चित्रदुर्ग मठात गेली की बाकीच्या शहराला कळतं आता प्रकरण गंभीर आहे. म्हणून जुने लोक आकडा ऐकला की लगेच त्याचं भाषांतर करतात, अमुक फुटाला कोपऱ्यावरची टपरी, अमुक फुटाला आमची पहिली पायरी. खरी पूरतयारी म्हणजे हे भाषांतर, आणि ते नवीन भाडेकरूला कुणी सांगत नाही.

याहून जुनं मोजमाप नृसिंहवाडीचं. पंचगंगा तिथंच कृष्णेला मिळते. पाणी दत्त मंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की 'दक्षिणद्वार' झालं म्हणतात, लोक स्नानाला गर्दी करतात आणि पाणी अजून वाढलं की उत्सवमूर्ती वर हलवतात. काही जण याला निव्वळ धार्मिक सोहळा मानतात, पण शिरोळ तालुक्यात 'दक्षिणद्वार झालं का?' हा प्रश्न पातळीची चौकशी म्हणूनही विचारला जातो, आणि ते जास्त पटतं.

धरणं आणि वेळ : पाणी कुठून येतंय यावर किती तास हातात आहेत ते ठरतं. कोयनेतून (साठा 105.25 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट) सोडलेलं पाणी कराडला कृष्णेत येतं आणि सांगलीला पोचायला साधारण एक-सव्वा दिवस घेतं, वारणा हरिपूरजवळ मिळते ती वेगळी. कोल्हापूरकडं राधानगरीला 7 स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, एका दरवाज्यातून 1428 क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट पाणी), म्हणून 'किती दरवाजे उघडले' हा मेसेज गल्लीच्या ग्रुपवर पातळीच्या आकड्याइतकाच फिरतो.

अलमट्टीचा वाद : खाली कर्नाटकात कृष्णेवरच असलेल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळं (धरणामागं तुंबत वर येणाऱ्या पाण्यामुळं) सांगली-कोल्हापूर बुडतं असं मत काठावर अगदी पक्कं आहे. 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनं 2020 मध्ये अहवाल दिला, त्यात अतिवृष्टी आणि नदीपात्रातली अतिक्रमणं यांवर भर होता आणि अलमट्टीला जबाबदार धरलेलं नव्हतं. काठावरच्या अभ्यासकांना आणि आंदोलकांना ते मान्य नाही, त्यांचं म्हणणं की धरणाबरोबर कर्नाटकातलाच हिप्परगी बंधारा, पुलांचे भराव, मधले बंधारे असं सगळं एकत्र धरून बघायला पाहिजे. हे एकत्र धरायचं म्हणणं जास्त सयुक्तिक वाटतं, निदान भरावांच्या बाबतीत तरी, कारण शिरोलीजवळ हायवेच्या भरावाला पाणी कसं अडतं ते डोळ्यांनी दिसतं. धरणाची उंची (समुद्रसपाटीपासून मोजलेली) 519.6 मीटरवरून 524.256 मीटर करायचा विषय निघाला की हा वाद परत पेटतो. पण गल्लीच्या तयारीला यातून काही मिळत नाही, दोष कुणाचाही असला तरी फ्रिज आपल्यालाच उचलायचा असतो.

2005 ची खूण : 2005 च्या पुरात सांगलीत पाणी 54 फुटांच्या आसपास गेलं. घराघरात, लाईटच्या खांबांवर त्याच्या खुणा राहिल्या आणि पुढची चौदा वर्षं लोकांनी तीच शेवटची हद्द धरली. 2019 च्या ऑगस्टमध्ये बरेच जण 'पाच सालाला इथवर आलं नव्हतं' म्हणून घरातच थांबले, सामान त्या खुणेच्या वर वीतभर ठेवलं, आणि पाणी साडेसत्तावन फुटांच्या घरात गेलं. पलंगावर ठेवलेलं वॉशिंग मशीन पलंगासकट तरंगतं हे तेव्हा कळलं. 8 ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटून अनेक जण गेले, तेव्हापासून गावातल्या बोटीला किती माणसं आणि लाईफ जॅकेट आहेत का हे निदान विचारलं जातं. 2021 च्या जुलैमध्ये कोल्हापुरात 2019 चा 55 फूट 7 इंचांचा आकडाही मोडला, 56 फूट 3 इंच, सांगलीत मात्र 2019 इतकं चढलं नाही. म्हणजे एका ठिकाणची खूण दुसरीकडं चालत नाही, आणि तिथल्या तिथं पुढच्या वेळीही चालेल असं नाही.

साधनं आणि संस्था : रबरी बोटी येईपर्यंत शिरोळ भागात गुऱ्हाळाची काहील (रस उकळायची मोठी पसरट कढई) पाण्यात सोडून माणसं काढायची पद्धत होती, आजही अडल्यावर काढतात. कोल्हापूरची व्हाईट आर्मी (बचावकार्य करणारी स्वयंसेवी संस्था), तालमी आणि मंडळांची पोरं, आणि 2016 पासूनच्या केंद्राच्या आपदा मित्र योजनेतले स्वयंसेवक ही माहितीतली नावं. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 च्या डिसेंबरचा, पूररेषा त्याहून जुन्या, निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घरं आहेतच.

कायमचं स्थलांतर : कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखली गावच्या लोकांना 1989 च्या पुरानंतर उंचावरच्या सोनतळीला जागा मिळाल्या. तरी शेती आणि गोठा खाली, म्हणून बऱ्याच जणांचं राहणं जुन्या गावातच आहे. पाणी चढायला लागलं की आधी म्हशी सोनतळीला जातात, मग बायका-पोरं, आणि घरातला एक माणूस शेवटपर्यंत खालीच थांबतो.