व्होल्टेज वाढवलं की काच भराभर गडद होते?

वीज दिली की रंग बदलणाऱ्या खिडक्यांबद्दल एक समज बरीच वर्षं फिरतोय: काच पंख्यासारखी असते, रेग्युलेटर वाढवला की काम झालं. चूक.

या काचेत टंगस्टन ऑक्साइडचा पातळ थर असतो. त्यात लिथियमचे आयन (विद्युतभारित कण) आणि इलेक्ट्रॉन शिरले की तो निळसर गडद होतो, बाहेर पडले की पुन्हा स्वच्छ. म्हणजे गडदपणा ठरतो तो किती विद्युतभार आत गेला यावर. थोडक्यात, ही काच बॅटरीची बहीण आहे.

आता अडचण बघा. वीज येते कडेच्या धातूच्या पट्ट्यांतून आणि मध्यापर्यंत जाते पारदर्शक वाहक थरातून. या थराला स्वतःचा रोध असतो. सुरुवातीला प्रवाह जास्त, म्हणून वाटेतच व्होल्टेज घटतं: कडेला ३ व्होल्ट असतील तर मध्यावर त्याहून कमी. परिणामी कडा आधी काळवंडतात आणि मधे फिकट डाग राहतो, बुबुळासारखा. अशा वेळी व्होल्टेज आणखी चढवलं तर कडांवर नको त्या रासायनिक क्रिया होऊन थर कायमचा बिघडू शकतो.

म्हणून चांगला कंट्रोलर व्होल्टेज हळूहळू चढवतो, प्रवाहावर मर्यादा ठेवतो आणि काचेत हवा तेवढा विद्युतभार भरत आला की कमी व्होल्टेजवर उतरतो. प्रवाह ओसरला की मध्यभागही कडांना गाठतो. मोठ्या काचेला यात १०-१५ मिनिटं लागू शकतात.

(ऑफिसच्या केबिनची क्षणात दुधाळ होणारी काच वेगळी. तिच्यात द्रव-स्फटिक असतात, आणि वीज गेली की ती दुधाळ होते.)