एक खांब गेला तरी इमारत उभी राहावी म्हणून

4 जानेवारी 2014 रोजी गोव्यात काणकोणला चावडी इथे बांधकाम चालू असलेली पाच मजली इमारत कोसळली आणि आत राबणारे मजूर ढिगाऱ्याखाली गाडले गेले. उंच इमारतींच्या अभियांत्रिकीचा गोव्याशी काय संबंध, हा प्रश्न त्या दिवसानंतर उरत नाही.

एक आधार गेला तरी सगळी इमारत कोसळू नये, या विचाराला कायद्याचं रूप आलं ते रोनन पॉइंटमुळे. पूर्व लंडनमधली ही 22 मजली इमारत कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती एकमेकींवर रचून उभारली होती. लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. 16 मे 1968 च्या पहाटे 18व्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. कोपऱ्यातली भिंत बाहेर फेकली गेली, वरचे मजले आधाराविना खाली आले आणि त्यांच्या भाराने खालचेही गेले. चौघांचा जीव गेला. जिच्या घरात स्फोट झाला ती बाई मात्र वाचली. म्हणजे स्फोट तसा लहानच होता, घात केला तो कच्च्या सांध्यांनी. 1970 मध्ये ब्रिटनने पाच किंवा त्याहून अधिक मजल्यांच्या इमारतींसाठी नियम केला: कोणताही एक आधार काढून पाहा, पडझड तेवढ्यापुरतीच राहिली पाहिजे. तसं जमत नसेल, तर तो आधार दर चौरस मीटरला 34 किलोन्यूटन दाब सोसणारा हवा. पाच मजले! आपल्याकडच्या कितीतरी इमारती या मापात बसतात.

पोलादी सांगाड्याचं बळ त्याआधीच दिसलं होतं. 28 जुलै 1945 रोजी धुक्यात वाट चुकलेलं बी-25 बॉम्बर विमान एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या 79व्या मजल्याच्या आसपास आदळलं. 14 जण दगावले, पण सांगाड्याने भार वाटून घेतला. उलट 1995 मध्ये ओक्लाहोमा सिटीत ट्रकबॉम्बने सरकारी इमारतीचे मोजकेच खांब मोडले. वरचे खांब पेलणारा मोठा बीम त्यांच्यावरच टेकलेला होता, म्हणून इमारतीचा मोठा भाग खाली आला.

वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या मनोऱ्यांनी 2001 मध्ये विमानांची धडक सोसली. धडकेने पोलादावरचं आगरोधक आवरण झडलं, आगीत पोलाद मऊ पडलं आणि एक मनोरा 56, तर दुसरा 102 मिनिटांनी कोसळला. त्यानंतर अमेरिकी बांधकाम संहितेत आवरण घट्ट चिकटण्याच्या आणि अतिउंच इमारतींत जादा जिन्याच्या अटी आल्या.

गोवा भूकंपाच्या तिसऱ्या विभागात येतो, त्यामुळे इथे आयएस 13920 हे भूकंपात तग धरणाऱ्या काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक लागू होतं. कॉलमच्या (खांबाच्या) उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगांची टोकं 135 अंशांत आत वळवा, असं ते सांगतं. 90 अंशांवर वळवलेली रिंग वरचं काँक्रीट सुटताच उघडते. आत वळवलेली रिंग मात्र उभ्या सळया धरून ठेवते.