स्टेल्थ बॉम्बरचं एक्झॉस्ट नोझल

स्टेल्थ बॉम्बर, म्हणजे रडारला सहज न सापडणारं बॉम्बफेकी विमान, म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर तो वटवाघळासारखा काळा आकार येतो, पण खरी परीक्षा असते मागच्या बाजूला, जिथून इंजिनचा गरम झोत (एक्झॉस्ट) बाहेर पडतो. या तोंडाला नोझल म्हणतात. विमान पुढून कितीही लपवा, नोझल उघडं राहिलं तर सगळी मेहनत वाया जाते.

साधं नोझल गोल असतं. त्यात मागून बघितलं तर आत टर्बाइनची (झोताने फिरणाऱ्या चाकाची) पाती दिसतात, रडारची लहर आत शिरली की त्यांच्यावर आपटून परत येते. दुसरी भानगड उष्णतेची. तापलेला धातू इन्फ्रारेड किरण (डोळ्याला न दिसणारे उष्णतेचे किरण) फेकतो आणि ते तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतात, म्हणजे दिसणारा भाग ९०० केल्विनवरून ६०० वर आणला तर किरण जवळजवळ पाचपट कमी होतात, म्हणून थोडं थंड केलं तरी फार मोठा फायदा मिळतो.

आधीच्या प्रायोगिक बॉम्बर्समध्ये हा विचार नव्हताच. नॉर्थ्रॉप कंपनीच्या वायबी-४९ या उडत्या पंखाने (वेगळं धड नसलेलं, नुसत्या पंखासारखं विमान) १९४७ साली उड्डाण केलं, त्याची ८ जेट इंजिनं पंखात पुरलेली होती पण झोत सरळ मागच्या काठातून बाहेर. एक्सबी-७० वाल्कीरी (पहिलं उड्डाण १९६४) तर आवाजाच्या तिप्पट वेगासाठी बनवलेलं, मागे ६ इंजिनांची तोंडं एका ओळीत आणि आफ्टरबर्नरसकट (झोतात आणखी इंधन जाळून जोर वाढवणारी सोय), लपायचा प्रश्नच नाही, वेग आणि उंची हाच बचाव.

चित्र बदललं ते एफ-११७ मुळे. ते बॉम्बर नव्हे, हल्ला करणारं लहान विमान, पण नोझलच्या बाबतीत धडा त्यानेच घालून दिला असं माझं मत आहे. १९८१ साली उडालेल्या या विमानाचं नोझल म्हणजे साधारण दीड मीटर रुंद आणि फक्त १० सेंटिमीटर उंच अशी फट, आत उभ्या पट्ट्या, खालचा ओठ मागे लांबवून वर वळवलेला आणि त्यावर उष्णता सोसणाऱ्या टाइल्स, त्यामुळे खालून बघणाऱ्याला आतलं काही दिसत नाही. फटच का? हिशोब करून बघा: या फटीचा परीघ ३.२ मीटर होतो, तेवढ्याच क्षेत्रफळाच्या गोलाचा जेमतेम १.४. परीघ जास्त म्हणजे बाहेरची थंड हवा झोताला जास्त ठिकाणी भिडते, झोत लवकर निवतो.

हे फुकट मिळत नाही. गोल नळीत दाब सगळीकडे सारखा वाटला जातो, चपट्या नळीत मात्र तो भिंतींना बाहेर ढकलून गोल करायला बघतो, म्हणून भिंती जाड, वजन जास्त. झोताला नळीत वळणं घ्यावी लागतात, त्यात थोडा थ्रस्टही (विमान पुढे ढकलणारा जोर) जातो.

बी-२ मध्ये हीच कल्पना मोठ्या बॉम्बरवर आली. ४ एफ-११८ इंजिनं, आफ्टरबर्नर नाही, नोझल पंखाच्या वरच्या बाजूला आणि मागच्या काठाच्या बरीच आधी, त्यामुळे खालून बघणाऱ्याच्या आड अख्खा पंख येतो. इंजिनात हवा शिरते त्या पुढच्या तोंडाजवळच्या एका छोट्या फटीतून घेतलेली थंड हवा एक्झॉस्टमध्ये मिसळतात. पण झोत ज्या पृष्ठभागावरून घासत जातो तो सतत तापतो, निवतो, पुन्हा तापतो, आणि तिथे पुढे भेगा पडायला लागल्या, त्या दुरुस्तीचा त्रास बरीच वर्षं चालला. स्टेल्थची किंमत काय असते ते मला इथे सगळ्यात स्पष्ट दिसतं.

२२ नोव्हेंबर १९८८ ला अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पामडेलमध्ये बी-२ पहिल्यांदा लोकांसमोर आणलं तेव्हा पाहुण्यांना फक्त पुढूनच बघू दिलं होतं. आकाश मात्र बंद केलेलं नव्हतं, त्यामुळे एव्हिएशन वीक या मासिकाच्या लोकांनी छोट्या सेस्ना विमानातून वरून फोटो काढले आणि मागचा काठ, नोझल सगळं जगाला दिसलं. नोझलची खोली, आकार, काठापासूनचं अंतर बघून जाणकार माणूस बरंच काही ओळखतो, म्हणून तर एवढी लपवाछपवी. २ डिसेंबर २०२२ ला त्याच पामडेलमध्ये बी-२१ रेडर हे नंतरचं स्टेल्थ बॉम्बर दाखवलं तेव्हाही ते पुढूनच दाखवलं.